डिशवॉशरमधला वास पुन्हा पुन्हा का येतो? वास ओळखा, मग जागा शोधा

डिशवॉशरचे दार उघडताच नाक मुरडावे लागले, तर बहुतेक घरांत पहिला उपाय ठरलेला असतो. बाजारातून मशीन साफ करण्याचे पाकीट आणले जाते किंवा वाटीभर व्हिनेगर ठेवून यंत्र रिकामे चालवले जाते. दोन-चार दिवस बरे जातात आणि आठवडा उलटायच्या आत तोच वास परत येतो. आमच्या पुण्यातल्या घरी हा प्रकार सलग चार महिने चालला. या काळात फिल्टर अनेकदा धुऊन झाला, व्हिनेगरच्या बाटल्या संपल्या, लिंबाच्या सुगंधाची पाकिटेही लावून झाली. ज्याला आम्ही सरसकट ‘वास’ म्हणत होतो, ते प्रत्यक्षात दोन ठिकाणांहून येणारे दोन निराळे वास होते, आणि आमच्या उपायांनी त्यांतला एकच जात होता, हे फार उशिरा लक्षात आले.

हे लवकर लक्षात यायला हवे होते, कारण वास ओळखायला लागणारे शब्द आपल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच आहेत. ओल न वाळलेल्या फडक्याचा वास कुबट, शिळ्या पिठाचा आंबूस, जुन्या तेलाचा खवट, मासळी-अंड्याचा वशट आणि खाली लागलेल्या दुधाचा करपट. मोरीचा वास या सगळ्यांहून वेगळा. यांपैकी प्रत्येक वासाचे डिशवॉशरमधले उगमस्थान बहुधा ठरलेले असते, त्यामुळे काहीही उघडण्याआधी दाराशी वाकून नीट वास घ्यावा आणि त्याला नाव द्यावे. त्याबरोबर वासाची वेळही टिपून ठेवावी. रात्री भांडी धुऊन, सकाळी ती काढून घेतल्यानंतरही रिकाम्या यंत्राला वास येतो का, की धुणे संपल्यावर पहिल्यांदा दार उघडताना वाफेबरोबर येतो, की दिवसभर खरकटी भांडी साठत असताना येतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी निम्मे काम होते.

आंबूस वास सर्वांत जास्त घरांत आढळतो आणि त्याचे घर म्हणजे फिल्टर. बहुतेक यंत्रांत खालचा फिरता हात उचलला किंवा खालचा ट्रे बाहेर काढला की तळाशी फिल्टर दिसतो. त्याचे सहसा तीन भाग असतात, मधले दंडगोल, त्यातली जाड जाळी आणि खाली पसरलेली स्टीलची बारीक जाळी. दंडगोल घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की सैल होतो आणि तिन्ही भाग वेगळे करता येतात. अनेकजण नेमके इथेच चुकतात. दंडगोल नळाखाली धरून धुतला जातो आणि बारीक जाळी जागच्या जागी राहते. वरून ती स्वच्छ दिसते, पण उलटी केली की खालच्या बाजूला पिठूळ, बुळबुळीत थर हाताला लागतो. पोळीची कणीक, भाताचे पाणी, इडलीचे पीठ आणि वरणाचा साका यांचा हा थर उष्ण, ओल्या, बंद जागेत रात्रभर आंबतो. जुन्या दात घासायच्या ब्रशने, भांड्यांचा साबण लावून, दोन्ही बाजूंनी जाळी घासावी. तारेची घासणी मात्र वापरू नये, कारण जाळीची छिद्रे ताणली गेली की कचरा थेट पंपाकडे जातो.

फिल्टर काढल्यावर खाली जो खळगा दिसतो त्यात थोडे पाणी असणे हा बिघाड नव्हे, अनेक यंत्रांत तेवढे पाणी शिल्लक राहतेच. पाणी जाळीच्या वरपर्यंत साचलेले असेल तर ती निचऱ्याची अडचण आहे. अशा वेळी वीज बंद करावी, पाणी स्पंजाने टिपून घ्यावे आणि खळग्यात हात घालण्यापूर्वी विजेरीने पाहावे, कारण फुटलेल्या ग्लासाचा तुकडा तिथेच बसलेला असतो. आमच्या खळग्यात एकदा चिंचोका, लिंबाच्या बिया, मिरचीचे देठ आणि नव्या स्टीलच्या डब्यावरचा कागदी शिक्का अशी चीजवस्तू निघाली. हे कागदी शिक्के फार त्रास देतात. गरम पाण्यात ते सुटतात, त्यांचा लगदा होतो आणि तो जाळीवर लेप दिल्यासारखा बसतो. नवे भांडे यंत्रात घालण्यापूर्वी शिक्का हाताने काढून टाकावा.

फिल्टर स्वच्छ असूनही आंबूस वास राहिला, तर दोन जागा तपासायच्या राहिलेल्या असतात. पहिली म्हणजे फिरत्या हातांची छिद्रे. फोडणीतली मोहरी, जिरे आणि तीळ या छिद्रांच्या मापाचेच असतात असे वाटावे इतक्या नेमकेपणाने त्यांत अडकतात. हात काढून कानाशी हलवला तर आत दाणे वाजतात. टाचणीने छिद्र मोकळे करून हाताच्या एका टोकाकडून नळाचे पाणी सोडावे म्हणजे अडकलेले बाहेर पडते. दुसरी जागा म्हणजे दाराची खालची कड. फवारा तिथपर्यंत पोचत नाही, त्यामुळे दाराच्या खालच्या काठावर आणि रबरी पट्टीच्या घडीत काळपट, चिकट रेघ जमते. जमिनीवर बसून, दार पूर्ण उघडून, वाकून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. आमच्या यंत्रात तीन वर्षांत ती कोणी पाहिलीच नव्हती.

खवट वासाचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्याचे कारण कचरा नसून तापमान असते. विजेची आणि पाण्याची बचत म्हणून बहुतेक घरांत ५० अंशांच्या आसपासची इको धुलाई किंवा त्याहून थंड, झटपट धुलाई रोज लावली जाते. वरणभाताच्या ताटांना ती पुरते. मटणाच्या रश्श्याचे पातेले, वनस्पती तुपाचा हात लागलेली परात किंवा तुपाची बुधली आत गेली की मात्र गणित बदलते. मटणाची चरबी साधारण ४५ ते ५० अंशांना वितळते. ती इको धुलाईत कशीबशी सुटते आणि मागून येणाऱ्या गार पाण्यात पुन्हा थिजून फिल्टरच्या भिंतीवर, पंपाच्या तोंडाशी आणि सांडपाण्याच्या नळीत आतून थर धरते. या थरावर हवा लागत राहते आणि चार-सहा दिवसांत तेलाच्या जुन्या बरणीसारखा वास सुरू होतो. व्हिनेगरने तो जात नाही, कारण व्हिनेगर आम्ल आहे. आम्ल क्षारांवर काम करते, स्निग्धावर नव्हे. स्निग्ध पदार्थ सुटायला अल्कधर्मी पदार्थ आणि उष्णता लागते. आठवड्यातून एकदा ६५ ते ७० अंशांची पूर्ण धुलाई, नेहमीच्या पावडरीच्या पूर्ण मात्रेसह लावणे हा खवट वासावरचा खरा उपाय. साचलेला थर जुना असेल तर पहिल्या वेळी भांडी न घालता ही धुलाई करावी. हे एवढे केल्यावर आमच्याकडे रिकाम्या धुलाईनंतर फिल्टरमध्ये पांढुरके, मेणासारखे गोळे आले होते, आणि ते नेमके काय आहे हे ओळखायला फार विचार करावा लागला नाही.

इथे पाण्याच्या जडपणाचाही संबंध येतो. पुण्याच्या अनेक सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे मानकात बसणारे पाणीसुद्धा डिशवॉशरच्या दृष्टीने बरेच जड असू शकते. अशा पाण्यातला कॅल्शियम स्निग्ध पदार्थाशी मिळून न विरघळणारा, करडा साका तयार करतो आणि वास धरून ठेवणारा थर त्यातूनच जाड होतो. म्हणून यंत्रातल्या मिठाच्या टाकीकडे दुर्लक्ष करू नये आणि पाण्याच्या जडपणाची तपासणी करून यंत्रात ती पातळी बसवून घ्यावी. टाकीत डिशवॉशरचेच जाड मीठ घालावे. जेवणातल्या मिठात आयोडीन आणि मोकळे राहण्यासाठी घातलेले पदार्थ असतात, ते पाणी मृदू करणाऱ्या आतल्या राळेला, म्हणजे रेझिनला, चालत नाहीत. मीठ भरल्यावर लगेच धुलाई लावावी, नाहीतर बाहेर सांडलेले खारे पाणी तळाच्या स्टीलला गंजवते.

क्षारांचा पांढरा थर आतल्या भिंतींवर दिसत असेल तर आम्लाचा उपयोग होतो. व्हिनेगरपेक्षा लिंबूसत्त्व मला बरे वाटते. सरबतासाठी किराणा दुकानात मिळते तेच. ५० ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्त्व तळाशी पसरून गरम धुलाई, भांडी आणि पावडर न घालता, दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरते. वारंवार केल्यास रबरी भाग कडक होतात. काही घरांत व्हिनेगर आणि सोडा एकत्र घालतात. फेस भरपूर येतो आणि काहीतरी घडत असल्याचे समाधान मिळते, परंतु दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते साधारण खारे पाणी. दोन्ही वापरायचेच असतील तर वेगवेगळ्या दिवशी वापरावेत. ब्लीचिंगचे द्रावण मात्र डिशवॉशरमध्ये घालूच नये. त्याने स्टीलला खड्डे पडतात, आणि आम्लाशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात हा गंभीर धोका आहे.

आता वशट वास. सुरमई, बांगडा, बोंबील यांसारख्या समुद्री माशांत एक नायट्रोजनयुक्त पदार्थ असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमीनमध्ये रूपांतर करतात, आणि मासळीचा जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः याचाच. हे अमीन अल्कधर्मी आहे. आम्लाशी ते क्षार बनून बसते आणि हवेत उडत नाही. कोकणात मासे चिरल्यावर विळीला, पाटाला आणि हातांना चिंच, आमसूल किंवा लिंबाची साल चोळतात, त्यामागचे रसायन हेच. डिशवॉशरच्या पावडरीत सोडा असल्यामुळे यंत्रात याच्या बरोबर उलटे घडते. अल्कधर्मी गरम पाण्यात बसलेले अमीन मोकळे होते आणि दार उघडल्याबरोबर वाफेसकट तोंडावर येते. यंत्राचे यात काही चुकलेले नसते. मासळीच्या ताटल्या आत ठेवण्यापूर्वी गार पाण्याने विसळाव्यात, वापरलेल्या लिंबाची साल त्यांवरून फिरवावी, आणि मगच लावाव्यात. अंडे आणि दूध यांचीही भांडी आधी गार पाण्यानेच विसळायची. गरम पाण्याने प्रथिने शिजून भांड्याला घट्ट धरतात, आणि मग ग्लासला अंड्याचा वास येतो अशी तक्रार होते.

जेवणाची भांडी आधी विसळायची की नाही, यावर घरोघरी वाद आहेत. पूर्ण घासून मग यंत्रात घालणे हे पाण्याचा आणि कष्टाचा अपव्यय आहे, हे मान्य. पावडरीतल्या विकरांना, म्हणजे पिष्ट आणि प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांना, काम करायला थोडे खरकटे लागतेच. परंतु ताटातले कढीपत्त्याचे पान, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, माशाचे काटे हे केराच्या डब्यातच गेले पाहिजेत. चार माणसांच्या घरात यंत्र भरायला चोवीस तास लागतात, आणि मे महिन्यात त्या बंद पेटीत दुपारी काय शिजत असेल याची कल्पना करणे अवघड नाही. दिवसभर भांडी साठवत असाल तर दुपारी एकदा फक्त विसळण्याची छोटी फेरी लावावी. बहुतेक यंत्रांत ती असते आणि काही मिनिटांत संपते.

कुबट वासाचे कारण ओल हे उघड आहे. दार किंचित उघडे ठेवा असा सल्ला सगळीकडे मिळतो, तो बरोबरही आहे, पण आपल्या घरांत त्याला दोन अटी जोडाव्या लागतात. धुलाई संपल्याबरोबर दार उघडले तर वाफ ओट्याखालच्या प्लायवूडवर जाते आणि दोन पावसाळ्यांत ते फुगते. पंधरा-वीस मिनिटे थांबून मग उघडावे. रात्रभर दार उघडे ठेवल्यास झुरळांना आमंत्रणच. दिवसा तासभर चार बोटे उघडे ठेवणे पुरेसे आहे. पावसाळ्यात पावडरीचा डबा सैल राहिला तर पावडर दमट होऊन ढेकळे होतात आणि तिची ताकद जाते, मग भांडी अर्धवट धुतली जातात आणि वासाचे मूळ पुन्हा तयार होते, याकडेही लक्ष असावे.

माझी स्वतःची अडचण यांपैकी कशातही नव्हती, निदान अर्धी तरी नव्हती. वरचे सगळे करून झाल्यावर खवट वास गेला, आणि त्याच्या मागे दडलेला दुसरा वास स्पष्ट झाला. तो मोरीचा होता. तो फक्त सकाळी यायचा, आदल्या रात्री यंत्र उत्तम धुऊन निघालेले असतानाही. जे यंत्र स्वच्छ आहे आणि चालूही नाही त्याला वास येत असेल, तर तो बाहेरून आत येत असला पाहिजे, आणि बाहेरून आत येण्याची वाट एकच, सांडपाण्याची नळी.

आपल्याकडे डिशवॉशर बऱ्याचदा ड्राय बाल्कनीत किंवा तिला लागून बसवतात आणि नळीचे टोक तिथल्या नहाणी ट्रॅपच्या जाळीतून आत खोचतात. आमच्याकडेही बसवणाऱ्याने तेच केले होते. नहाणी ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी साचून राहते आणि तेच गटारातल्या वायूला अडवते. आमच्या नळीचे टोक इतके आत गेले होते की ते त्या साचलेल्या पाण्यात बुडत होते. त्याच ट्रॅपमध्ये रोज फरशी पुसलेली बादलीही रिती व्हायची. नळी जमिनीवर वेटोळे घालून पडलेली असल्याने तिच्या पोटात पाणी साचत होते, आणि यंत्राच्या आतली एकेरी झडप, जिने पाणी मागे येऊ देऊ नये अशी अपेक्षा असते, ती चरबीच्या थरामुळे पूर्ण मिटत नव्हती. म्हणजे दोन्ही वासांचे असे लागेबांधे होते.

याची खात्री करायला कोणत्याही कारागिराची गरज पडत नाही. रात्रीची धुलाई संपल्यावर नळीचे टोक ट्रॅपमधून काढून रिकाम्या बादलीत ठेवावे आणि सकाळी दार उघडून पाहावे. तीन रात्री मी असे केले, तिन्ही सकाळी वास नव्हता. चौथ्या रात्री टोक पुन्हा ट्रॅपमध्ये घातले, वास परत आला. ज्यांची नळी सिंकखालच्या बॉटल ट्रॅपला जोडलेली आहे त्यांनी वेगळी चाचणी करावी. सिंकमध्ये बुच लावून रंगीत पाणी भरावे, हळद चालेल, मग बुच काढून पाणी सोडावे आणि डिशवॉशरच्या तळाशी पिवळेपणा येतो का ते पाहावे. आला, तर सिंकचे खरकटे पाणी रोज यंत्रात जाते आहे.

दुरुस्ती साधी आहे. नळी यंत्रातून बाहेर पडल्यावर आधी वर चढली पाहिजे, ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत, तिथे क्लिपने भिंतीला पक्की केली पाहिजे, आणि मगच खाली उतरून निचऱ्याला मिळाली पाहिजे. माहितीपुस्तिकेत नळीच्या उंचीची मर्यादा दिलेली असते, साधारण जमिनीपासून ४० सेंटिमीटरच्या वर आणि १ मीटरच्या खाली. फार खाली असेल तर धुलाई चालू असतानाच पाणी आपोआप ओढले जाते, फार वर असेल तर पंपावर ताण येतो. ट्रॅपमध्ये जाणारे टोक पाण्याला टेकू नये. आमच्या प्लंबरने भिंतीलगत एक उभा पाइप बसवला, नळीचे टोक त्यात वरून सोडले आणि भोवती हवा जाईल एवढी फट ठेवली. खर्च फार आला नाही. जुनी नळी मात्र बदलावी लागली, कारण आतला थर धुऊन निघण्यापलीकडे गेला होता.

मे महिन्यात किंवा दिवाळीत पंधरा-वीस दिवस घर बंद राहते तेव्हा ट्रॅपमधले पाणी आटते आणि परतल्यावर घरभर मोरीचा वास येतो. तो डिशवॉशरचा नसतो. दोन तांबे पाणी ट्रॅपमध्ये ओतले की थांबतो. जाण्यापूर्वी यंत्र गरम धुलाईने रिकामे करावे, फिल्टर काढून कोरडा करून बाहेर ठेवावा आणि नळ बंद करावा.

कधीकधी यंत्र निर्दोष असते आणि वास एखाद्या वस्तूचा असतो. हिंगाचा प्लास्टिकचा डबा आत गेला की दोन धुलायांपर्यंत सगळ्या पेल्यांना हिंग येतो. कुकरची रबरी रिंगही तशीच, ती हाताने धुतलेली बरी. संशय असेल तर एक धुलाई फक्त स्टील आणि काचेच्या भांड्यांची करावी.

करपट वास आला, विशेषतः जळक्या प्लास्टिकचा, तर थांबावे. अनेकदा एखादे हलके झाकण उडून तळाशी गेलेले आणि उष्णतेने वितळलेले असते. बटण बंद करून, यंत्र गार झाल्यावर, झाकण शोधावे. तसे काही सापडले नाही तर वीजपुरवठा बंदच ठेवावा आणि सेवा केंद्राला बोलवावे. फोनवर केवळ ‘वास येतो’ असे नोंदवले की येणारा माणूस क्लीनरचे पाकीट घेऊन येतो, असा माझा दोनदा अनुभव आहे. वास कोणत्या जातीचा आहे, दिवसाच्या कोणत्या वेळी येतो, आणि नळी बादलीत ठेवल्यावर जातो की राहतो, हे नोंदवून घ्यायला लावले तेव्हा तिसऱ्या खेपेस आलेला माणूस एकेरी झडप सोबत घेऊन आला.